त्रेचाळीस खडे

४ एप्रिल, शुक्रवार
खडेच निघाले! कंपनीच्या आरोग्य शिबिरात सोनोग्राफी केली होती, आज रिपोर्ट आला. पित्ताशयात तीन खडे, सर्वांत मोठा चौदा मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले, पित्ताची पिशवी काढावी लागेल — दुर्बिणीतून, दोन दिवसांत घरी. दाढ काढायची असावी इतकं सोपं करून सांगितलं.

कंपनीत माझ्याबरोबर मालाच्या तपासणीच्या टेबलावर असते त्या तनुजाचेही दोन निघाले. पोरगी हसतेय! "ताई, माझी बावीस तारीख पक्की. तुमी बी तीच घ्या. शेजारी-शेजारी खाटा घेऊ, गप्पा व्हतील."

मला नाही जमणार. आई ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेली होती. आत जाताना बांगड्या काढून माझ्या मुठीत दिल्या. "धर, आलेच मी." चौदा वर्षं झाली. बांगड्या अजून डब्यात आहेत.

६ एप्रिल
शेजारच्या भामाबाई आल्या. "कापाकापी कशाला गं? माझ्या भाच्याचे लई खडे पडले, घरच्या घरी!" सहा दिवस सफरचंदाचा रस. सहाव्या संध्याकाळी जुलाबाचं मीठ पाण्यातून, आणि झोपताना पेलाभर ऑलिव्ह तेलात लिंबू पिळून. मग उजव्या कुशीवर पडून राहायचं.

उद्यापासून सुरू. इंद्रजीतला सांगितलं नाही. नवराच तो, उपवास आहे म्हटलं की पुढं काही विचारत नाही.

१० एप्रिल
चौथा दिवस. दात आंबलेत. भीती होती तिथंच आहे.

१३ एप्रिल, रविवार
पडले! पडले!!

काल तेल प्यायले तेव्हा वाटलं, आतडी बाहेर येतील. पण सकाळी — हिरवे, गुळगुळीत, वाटाण्याएवढ्यापासून आवळ्याएवढ्यापर्यंत. जुन्या चाळणीत धुतले. मोजले — त्रेचाळीस! रडूच आलं. आई, बघ, मी न कापता सुटले.

अकरा वर्षं वाळूजला तपासणीच्या टेबलावर आहे, मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. कंपनीतला मापाचा व्हर्नियर डब्याच्या पिशवीत घालून आणला होता (मंगळवारी गपचूप जागेवर ठेवीन). सर्वांत मोठा खडा — २२.४० मिलिमीटर! व्हर्नियरचं टोक जरा आत रुतत होतं. पण आकडा लिहिला. व्हर्नियरसकट फोटो काढून तनुजाला पाठवला, खाली भामाबाईंचा उपायही लिहिला. लगेच उत्तर — "ताई, तुमी मोजलं म्हंजे विषयच संपला!!"

खडे बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवले.

१४ एप्रिल
जयंती. पांढरी साडी नेसून क्रांती चौकात गेले. नाचलेसुद्धा! कुठंच दुखलं नाही.

१६ एप्रिल
भामाबाईंना दाखवायला बरणी काढून ओट्यावर ठेवली. त्यांना यायला उशीर झाला. झाकण उघडलं तर आत हिरवं तेल. वर लिंबाचा वास.

दगड वितळत नाही.

मी खालीच बसले. रिपोर्टात तीन खडे, मोठा चौदाचा. मी मोजले त्रेचाळीस, मोठा बावीसचा! ड्रॉइंगमध्ये एक माप आणि हातात भलतंच — असा माल टेबलावर आला असता तर सुपरवायझरलाही न विचारता नापासाची लाल चिठ्ठी लावली असती. रुतणारा दगड मी पास केला. मी!

म्हणजे माझे तिन्ही आतच आहेत. तनुजाला सांगायला हवं. उद्या सांगते.

१७ एप्रिल
कंपनीच्या बसमध्ये तनुजा माझा फोटो सगळ्यांना दाखवत होती. "ताईचं मोजमाप हाय, येड्या-गबाळ्याचं नाय!" बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मीही हसले. तिची बावीस तारीख तर ठरलेलीच आहे, ती करून घेईल. माझी फजिती कळून तिला काय मिळणार?

लाज वाटते. दुसरं काही नाही.

१९ एप्रिल
पहाटेपासून बरगडीखाली कळ, थेट पाठीत. तीनदा उलटी. इंद्रजीत म्हणाला, "आरशात डोळे बघ." हळदीसारखे पिवळे.

सगळं सांगून टाकलं. तो ओरडला नाही. नुसता दुचाकीची किल्ली शोधत राहिला, किल्ली त्याच्या हातातच होती. तेव्हा मला खरी भीती वाटली.

२० एप्रिल
दवाखाना. एक खडा पित्ताच्या नळीत अडकलाय. डॉक्टर म्हणाले, एवढं तेल एकदम गेलं की पिशवी जोरात आवळते, त्यात सरकला असावा. आधी तो काढणार, मग पिशवी. आता ना म्हणायची सोय नाही.

बांगड्या काढून इंद्रजीतला दिल्या. 'आलेच मी' म्हणाले नाही. म्हणवलं नाही.

२४ एप्रिल
आहे. जिवंत आहे!

पिशवीतले दोन खडे बाटलीत घालून दिले. तपकिरी, खडबडीत. नखानं दाबून पाहिलं, नखच वाकलं.

आज तनुजाला लिहिलं — "ते खडे नव्हते गं, तेलच होतं. मी चुकले. तुझं बावीसला नीट झालं ना?" फोन केला, बंद आहे. शेजारची खाट रिकामी आहे. ती असती तर बडबड करून डोकं उठवलं असतं.

२५ एप्रिल
शेजारच्या खाटेवर तनुजाची आई येऊन बसली. तनुजा आत आहे, आयसीयूत. बावीसची तारीख तिनं मागंच रद्द केली होती. बावीसच्या रात्री तेल प्यायली.

"तुमचा फोटू बघून लई खूश व्हती वो ताई," म्हणाली.

तिच्या मुठीत बांगड्या आहेत.