वाडीचे फाटक

मी, व्हॅलेरियन इनास लोपीस, वय एकोणसाठ, राहणार भुईगाव, तालुका वसई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून लिहीत आहे. कोणाचाही दबाव नाही. पत्नी ब्रेंडा मात्र, धडधाकट माणसाला ही काय अवदसा आठवली, असे दोनदा म्हणून गेली आहे.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतील ठेव ब्रेंडाला. तिने आयुष्यभर माझे घोरणे सोसले, त्यापुढे हे काहीच नाही.

२. केळीची वाडी, विहीर आणि पंप मुलगा डेन्झिल याला. तो सध्या बारावीला आहे. त्याने वाडी स्वतः करावी किंवा दुसऱ्याला करायला द्यावी. माझी कोणतीही अट नाही. हे शेवटचे वाक्य लिहायला मला फार जड गेले, म्हणून कारण सांगतो.

डेन्झिलला सिनेमाचे ध्वनिमुद्रण शिकायला पुण्याला जायचे आहे. मी विचारले, मग वाडी कोण बघणार? तो गप्प झाला. मग मीही हट्टाने गप्प झालो. ब्रेंडा बिचारी कोंबड्यांशी बोलून दिवस काढू लागली. अशात गेल्या वर्षी ज्ञानदा नावाची दिग्दर्शिका बापलेकाच्या सिनेमासाठी घर शोधत आमच्याकडे आली. आम्ही दोघे एका टेबलावर चकार शब्द न काढता भात-कालवण जेवत होतो. ते बघून ती म्हणाली, नट नकोत, तुम्हीच करा. आम्हाला अभिनय असा करावाच लागला नाही.

३. शेवटच्या प्रसंगात मुलगा बॅग घेऊन निघतो आणि बापाने 'जाऊ नकोस' म्हणायचे, असे तिच्या कागदावर होते. कॅमेरा सुरू झाला आणि माझ्या तोंडून ते काही निघेना. मी नुसते वाडीचे फाटक उघडले आणि बाजूला उभा राहिलो. तिने तेच ठेवले. या पोरीला दरवर्षी आमच्या घरची, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पाठवावीत.

४. हा प्रसंग भुईगावाने अजून पाहिलेला नाही, आणि त्याला जबाबदार माझा मित्र आलोशियस परेरा. गावातल्या लग्नांत लाऊडस्पीकर हाच लावतो. चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा लावला, तेव्हा शेवटच्या प्रसंगात पडद्यावर कोणीच बोलेना हे बघून मशीनचा आवाज गेला असे त्याला वाटले, आणि या भल्या माणसाने लग्नातले बँडचे गाणे लावले. लोक उठून नाचू लागले. माझी सख्खी बहीण लूर्डस सगळ्यांत पुढे. पडद्याकडे बघतो कोण! सबब मी गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सेनंतर सिनेमा आमच्या अंगणात पूर्ण दाखवावा. आलोशियसने खुर्च्या मांडाव्यात, वायरीला हात लावू नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार घेतले आहे.

५. घड उतरवायचा माझा कोयता डेन्झिललाच. वापरला नाही तरी तेल लावून ठेवावा.

इथवर लिहून साक्षीदारांना बोलावले. कोणी सांगितले नसताना आलोशियसने सगळे वाचून काढले. दुसऱ्या कलमावर थांबला आणि म्हणाला, "अरे, हे पोराला तू मेल्यावर कळणार? तो वाडीत पाणी लावतोय. आत्ता जा."

दुसरे साक्षीदार सुधाकरमास्तर सहीसाठी पेन उघडून बसले होते. त्यांना तसेच बसवून मी गेलो आणि सांगितले, पुण्याला जा, वाडी मी बघतो.

डेन्झिल पाटातले पाणी वळवत होता. म्हणाला, "पप्पा, तू फाटक उघडलंस ना, तेव्हाच कळलं मला."

मग सांगितले का नाहीस, असे मी विचारले. "तू तरी कुठे बोललास?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसत सुटलो. किती दिवसांनी, देव जाणे. मला फार बरे वाटले.

सबब दुसरे कलम आहे तसेच ठेवतो. चौथ्यात दुरुस्ती करतो: फाटक उघडून मुलगा बाहेर पडला की आलोशियसने तेच बँडचे गाणे लावावे, आणि सगळ्यांनी नाचावे.

लिहून देणार: व्हॅलेरियन इनास लोपीस (सही)

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. आलोशियस परेरा (सही)
२. सुधाकर नाईक, निवृत्त शिक्षक (सही)

भुईगाव, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५