पाचशेच्या नोटेवर कोण

भोकरदन, ११ फेब्रुवारी, बुधवार

आज शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या शबाना मॅडमशी बोलणंच बंद केलं. कारण काय, तर पाचशेच्या नोटेवर कोणत्या बाईचं चित्र पाहिजे. मी म्हणलं, पोरींसाठी शाळा काढणाऱ्या बाईंचं. त्या म्हणल्या, न्हाई, दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या सुलतानाचं. दहाची नोट मी मोठ्या मनानं सुलतानाला देऊन पाहिली. मॅडमला ते जास्तच लागलं.

संध्याकाळी गल्लीतून वरात निघाली. आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या. बँडपुढं एकजण दातात नोट धरून नाचून राह्यला होता, आणि ताशेवाला हात न थांबवता ती आपल्या दातांनी ओढून घेत होता. नोट थुंकीनं ओली.

शबाना मॅडम सरकत सरकत माझ्याजवळ आल्या.

"मॅडम, पाचशेवर तुमच्याच बाई राहू द्या."

"छे, तुमची सुलतानाच बरी."

मंग ठरलं, कोणीच नको. आहे तेच बरं. दिवसभरात पहिल्यांदा एकमत झालं.

नाचणारे आमचे हेच होते. मॅडम त्यावर काही बोलल्या न्हाईत, चांगल्या आहेत बिचाऱ्या. पण दातातली नोट दहाची होती, हे त्यांनी बघितलं असंल का? मला लाज नेमकी कशाची वाटली, ते अजून ठरत न्हाई.