डावीकडची भाकरी

सोलापूर, रविवार
ता. ११ फेब्रुवारी १९३४

चि. सिद्धनाथ यास अक्काचा आशीर्वाद. हितं आमी जिवंत हाय. तुझ्या बायकूला बजाबाईला आन् लेकीला मायाक्काला इचारलंय म्हणून सांग. औंदा कोकरं किती झाली ते कळव. पत्र बघून फाडू नगंस, आधी वाच.

माझ्या धुळाप्पाला हितल्या इस्पितळात घालून आठ दिस झाले. लग्नाची सुपारी फोडायच्या दिवशी पोरगं तुझ्या पागोट्यावर थुकलं, तुझ्या मायाक्काला नको ते बोललं, आन् तू म्हणालास, "अक्का, ह्याचं भूत उतरल्याबिगर माझ्या दारात येऊ नगंस." न्हाय आले. देवऋषी झाला, धूर झाला, फोकानं मारून झालं. पोरगं नुसतं हसायचं. ज्यानं कधी मेंढीला काठी लावली न्हाय, त्यानं माझा हात चावला.

मग ताटातली निम्मी भाकरी टाकायला लागला. मला वाटलं मस्ती आली, दोन थोबाडीत दिल्या. डॉक्टरनं काय केलं, ताट नुसतं फिरवलं. त्यासरशी उरलेली भाकरी खाल्ली की रं! डॉक्टर म्हणाला, "बाई, ह्याला डावीकडचं दिसतच नाही. डोळे चांगले आहेत. डोक्याच्या उजव्या बाजूला, आत मेंदूवर काहीतरी दाबतंय. शिव्याही त्यामुळंच."

धनगराच्या बाईला ह्यो काय शिकवतो? गरगर फिरणाऱ्या मेंढीचं डोस्कं मी फोडून बघितलंय, आत पाण्याची फुगी असती. तिला कुणी भूत लागलं म्हणत न्हाय, माणसालाच म्हणतो. डॉक्टरला सांगितलं तर हसला न्हाय, बसायला खुर्ची दिली.

तवापासनं जास्तच भ्या वाटतंय. शिव्या त्या दाबाच्या असतील, तर आधीचा गरीब सोभाव कुणाचा हुता? त्योबी तेवढ्याच मांसात बसत असंल, तर सुरीखाली कुठला धुळाप्पा जाईल आन् कुठला ऱ्हाईल? इचारलं मी. "ते मलाही ठाऊक नाही," म्हणाला. एवढा शिकलेला माणूस!

पण सुरी लावायचं अजून ठरलंच न्हाय. पू असला तर कवटीला भोक पाडून काढतो म्हणं. गाठ असली तर त्याचा हात चालत न्हाय, मंगळवारी घरी न्या म्हणतोय. घरी न्या म्हंजे काय, ते तुला कळतंय. पू वाहत्या कानातनं आत चढतो, कान वाहत नसला तर गाठच धरायची. म्हणून त्यानं तीनदा इचारलं, "ह्याचा कान कधी वाहत होता का?" तीनदा मी न्हाय म्हणलं.

सिद्धू, वाहत हुता. उजवा. ल्हानपणापासनं. वास यायचा. बजाबाई नाकाला पदर लावंल म्हणून सुपारीच्या पंधरा दिस आधी मी मेणात बुडवलेला कापूस कोंबला. काडीनं, पार आत. पोरगं म्हणायचं, "आये, डोकं ठणकतंय." मी म्हणलं, लगीन होस्तवर कळ काढ. थुकला तवा कापूस कानातच हुता. मागनं काढला तर कान कोरडा. मी खूश झाले, बरा झाला म्हणून. बरा कशाचा! वाट बंद झाली, पू उलटा गेला.

सांगितलं तर डॉक्टर म्हणंल, आईनंच केलं. धुळाप्पा शुद्धीत आला तर त्यालाबी कळंल. म्हणून तोंड उघडत नव्हतं. आता तुला लिवलं. एकाला सांगितलं तर दुसऱ्याला सांगता येत असंल. पत्र पेटीत टाकते आन् तशीच डॉक्टरच्या पुढ्यात जाऊन हुभी ऱ्हाते. उद्या सकाळपतूर थांबले तर पुन्ना न्हाय म्हणीन, मला मी ठावं हाय.

लगीन मोडायचं तर मोड, मी एक शबूद बोलणार न्हाय. पर ये. त्याला बाप न्हाय. जागा झाला आन् माझ्याकडनं तोंड फिरवलं, तर त्याच्यापाशी बसायला आपलं माणूस कोण?

तुझी अक्का म्हणून सही करायला धजत न्हाय.

धुळाप्पाची आई,
म्हाळसाबाई