सात पाल्यांचा काढा

आरोंदा,
४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. किशोरीस दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझा नंबर मी मोबाइलवर बंद केला, याचा राग मानू नकोस. फोन उचलला की जेवण झालं का हे विचारायच्या आधी तू गोळी झाली का विचारतेस. सख्खी बहीण बोलते आहे की कंपनीची माणूस, तेच कळेनासं झालं. यापुढे पत्र. पोस्टमन सत्यवान येतोच अधूनमधून, आणि पत्रात कुणाला मध्येच तोडता येत नाही.

तर कळवायचं असं, की रक्तदाबाची गोळी मी दसऱ्यापासून सोडली. आता ओरडू नकोस. चतुर्थीला माझ्याच ओटीवर बसून, माझ्याच घरच्या करंज्या खात कोण सांगत होतं, की एकच गोळी तीन पाकिटांत घालून तीन भावांनी विकतात? डॉक्टरांना कंपन्या बायकापोरांसकट बँकॉक दाखवून आणतात, हे कुणाचं वाक्य? कसालला मेडिकल चालवणारी बाईच असं सांगते, तर सावंतवाडी स्टँडच्या निवृत्त कंट्रोलरने विश्वास ठेवायचा कुणावर?

दोडामार्गाकडच्या एका म्हाताऱ्याने मला सात पाल्यांचा काढा दिला आहे. पैसा घेतला नाही. फक्त पाल्यांची नावं कुणाला सांगायची नाहीत, अशी शपथ घातली. नाव सांगल्यार गुण जाता. मी पाला आणतो, यशोदा सकाळी चुलीवर उकळून पेला हातात देते. कडू आहे, पण कडूपणा तरी खरा आहे.

निलेशरावांना नमस्कार. लोभ असावा, सल्ला नसला तरी चालेल.

तुझा दादा,
गुरुदास


कसाल,
९ नोव्हेंबर २०२४

ती. दादास किशोरीचा शि. सा. न. वि. वि.

करंज्या खाताना तोंड बंद ठेवायला हवं होतं, एवढी चूक मान्य. बाकी जे बोलले ते खरं आहे आणि पुन्हा बोलेन. आमच्या धंद्यात चोर आहेत. पण कंडक्टर सुट्टे पैसे देत नाही म्हणून धावत्या गाडीतून उडी मारणारा प्रवासी तुझ्या स्टँडवर तू कधी पाहिलास का? मी रोज कंपन्यांना शिव्या घालते आणि रोज थायरॉइडची गोळी घेते, एकाच तोंडाने. त्यात मला काही जड जात नाही.

आपले आबा त्याच ओटीवर तोंड वाकडं होऊन पडले, तेव्हा तू त्यांना उचललं होतंस. विसरलास? त्यांनीही गोळी सोडली होती, फक्त त्यांना काढा मिळाला नव्हता.

आणखी एक. तीस वर्षं तू न येणाऱ्या गाड्या थोड्याच वेळात फलाटावर लागतील असं माइकवरून सांगत आलास आणि लोक बोचकी सांभाळत बसून राहिले. तुझा आवाजच तसा आहे. म्हणून मला काढ्यापेक्षा त्या आवाजाची धास्ती जास्त. स्वतःपुरतं काय ते कर, वाडीला सांगत फिरू नकोस.

रक्तदाब मोजायचं यंत्र पाठवते आहे. दंडाला गुंडाळून बटण दाबायचं. लोभ आहेच, तो गोळीसारखा अर्ध्यावर सोडू नये ही विनंती.

तुझी,
किशोरी


आरोंदा,
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय किशोरी वन्सं,
वहिनीचे सप्रेम आशीर्वाद.

मी पत्र लिहिते याचं नवल वाटेल. आमच्याकडे रेंज फक्त ओटीवर आणि ओटीवर सगळा वेळ तुमचे दादा. मला काही बोलायचं म्हटलं तर ते समोर. तुम्ही उलट पत्र पाठवाल ते शेजारच्या नर्मदेच्या पत्त्यावर पाठवा. गंगारामभावजींची बायको, चतुर्थीला भजनात झांज वाजवत होती ती. मी तिला सांगून ठेवलंय की वन्सं मला शिवणाचे नमुने पाठवतात.

यंत्र आलं. मी मोजलं तर आकडा इतका मोठा, की पुन्हा दोनदा मोजला. ह्यांना दाखवला, तर म्हणाले की यंत्रही कंपनीचंच, ते कंपनीच्याच बाजूने बोलणार. सकाळी उठताना डोकं धरून बसतात आणि मला सांगतात की काढा मुरतोय.

भांडून झालं. रडून झालं. दोन दिवस पेज केली नाही, तर आंबे काढायच्या घळाने उंचावरचा पाला ओढत बसले आणि उपाशीच राहिले. डॉक्टरकडे येत नाहीत. माझ्या हातचं तेवढं काही न विचारता घेतात. वन्सं, मामंजींचं झालं तसं मला परत बघायचं नाही. काही तरी वाट काढा.

तुमची,
यशोदा वहिनी


कसाल,
२७ नोव्हेंबर २०२४

सौ. वहिनीस किशोरीचा सा. न. वि. वि.

वाट तुझ्याच पत्रात आहे. तुझ्या हातचं तो न विचारता घेतो ना? मग सोबतच्या पुडीत त्याचीच जुनी गोळी आहे. त्याच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, कुटली तरी चालते. त्यांना हा मार्ग पसंत नाही, मलाही नाही. पण पसंतीचे सगळे मार्ग दादाने बंद केलेत. रोज एक, खलबत्त्यात बारीक करून काढ्यात ढवळ. इतक्या कडूत ती कळायची नाही.

आमच्या दुकानात मागितल्याशिवाय आणि चिठ्ठी दाखवल्याशिवाय गोळी द्यायची नाही, हा माझा नियम. सख्ख्या भावासाठी मोडते आहे. थोडे दिवस. आकडा खाली आला, डोकं शांत झालं, की दोघी मिळून त्याला सांगू आणि तो जे बोलेल ते ऐकून घेऊ.

नर्मदेला नमुने कसे आहेत विचारलं तर सांग, बाह्या जरा तंग येतात. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
किशोरी


आरोंदा,
२० डिसेंबर २०२४

चि. सौ. किशोरीस दादाचे भरभरून आशीर्वाद.

हे पत्र काउंटरवर चिकटवून ठेव, गिऱ्हाइकांना वाचता येईल. माझा रक्तदाब उतरला! आरोग्य केंद्राची आशाताई संचिता घरी आली होती, तिच्या यंत्रावर मोजला, तुझ्या यंत्रावर मोजला, दोन्ही कंपन्या हरल्या. संचिता म्हणाली की काका, असाच ठेवा. डोकं दुखायचं बंद झालं. आता काय म्हणतेस?

मी कुणाला सांगत फिरलो नाही, तुझी आज्ञा पाळली. लोकच येतात. मी ओटीवर बसतो, पाल्याच्या जुड्या बांधून ठेवतो. सातही एकत्र चुरून, म्हणजे कुठला काय ते कुणाला कळायला नको. ज्याने त्याने आपल्या घरी उकळायचा. पैसा घेत नाही. अर्धी वाडी पिते आहे. गंगारामाने तर गोळ्यांची पाकिटं खाडीत भिरकावली. मी म्हटलं, अरे, आता खाडीतल्या सुंगटांचा रक्तदाब उतरेल. खूप हसलो.

पुढच्या महिन्यात देवळाची जत्रा आहे. दशावतार उभा राहण्याआधी माइकवरून दोन शब्द सांगावेत, असा लोकांचा आग्रह आहे. आवाज अजून शाबूत आहे.

लोभ वाढावा. रक्तदाब मात्र वाढत नाही.

तुझा दादा,
गुरुदास


कसाल,
२४ डिसेंबर २०२४

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

दादाचं पत्र वाचून मी कपाळाला हात लावून बसले, निलेशना वाटलं माझाच रक्तदाब वर गेला. वहिनी, हे काय करून बसलो आपण! त्याच्या पेल्यात गोळी आहे. गंगारामच्या पेल्यात नुसता पाला आहे. दादाची तब्येत बघून लोक आपल्या गोळ्या सोडताहेत, आणि ती तब्येत माझ्या दुकानातून पुडीत बांधून जाते आहे, तीही नर्मदेच्याच हातून! ज्या बाईने ती पुडी तुझ्या हातात दिली, तिच्याच नवऱ्याकडे गोळी नाही.

जत्रेची वाट बघू नकोस. आज नर्मदेला गाठ आणि गंगारामना गोळी सुरू करायला लाव. ऐकत नसतील तर सगळं सांगून टाक. दादाने मला जन्मभर दार बंद केलं तरी चालेल. मीच आले असते किंवा त्याला लिहिलं असतं, पण दार लावून, पत्र फाडून तो म्हणेल की मेडिकलवालीचा जळफळाट. तुझ्या तोंडून ऐकेल.

घाई कर. बाकी मायेच्या गोष्टी नंतर.

किशोरी


आरोंदा,
६ जानेवारी २०२५

किशोरी वन्सं,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी नर्मदेकडे गेले. सगळं सांगायचा धीर झाला नाही. एवढंच म्हटलं की गंगारामभावजींना गोळी सोडू देऊ नको. ती फणकारली. म्हणाली, तुझो घोव बरो झालो, मग माझ्या घोवान बरो होवचा नाय काय? शेजारणीचां बरां बघवना नाय तुका. मी परत आले. उद्या सांगू, परवा सांगू असं करत राहिले.

गुरुवारी गंगारामभावजी होडीत जाळं भरताना पडले. उजवी बाजू गेली, तोंडातून शब्द येत नाही. गोव्याला नेलंय. जिवाचा धोका टळला असं म्हणतात.

ह्यांनीच त्यांना गाडीत घातलं. परत आले आणि मला विचारत बसले की दोघांचा काढा एकच, पाला त्याच झाडांचा, मग त्याच्यात काय चुकलं, तो पथ्य मोडत असेल का. तेव्हा मी सांगितलं. खलबत्ता पुढे ठेवला आणि सांगितलं.

पेला उचलून पंपावर गेले, राखेने घासला, आणून पालथा घातला. तेव्हापासून चहा स्वतः करतात, पेज स्वतः वाढून घेतात. पाण्याचा तांब्या मी पुढे केला तर तो तसाच ठेवून विहिरीवर जातात. नर्मदेलाही मी जाऊन सांगितलं. तिने दार लावून घेतलं.

वन्सं, तुम्ही शिकलेल्या. आता ह्यावर काय औषध आहे ते सांगा.

यशोदा


आरोंदा,
२१ जानेवारी २०२५

चि. किशोरीस आशीर्वाद.

वडीलधारा म्हणून आशीर्वाद लिहिला. मनातून निघाला असं समजू नकोस.

जत्रा झाली. दशावतार उभा राहण्याआधी मी माइक मागून घेतला आणि खरं ते सांगितलं. माझा रक्तदाब काढ्याने उतरला नाही, बायकोने त्यात गोळी घातली होती, सगळ्यांनी आपापल्या गोळ्या उद्यापासून सुरू करा. कुणीही विश्वास ठेवला नाही. एक जण म्हणाला, गुरुदासाक बहिणीच्या दुकानाचो धंदो वाढवचो आसा. दुसरा म्हणाला की ह्याला कंपनीवाल्यांनी गाठला. तीस वर्षं गाड्यांबद्दल जे खोटं बोललो ते लोकांनी खरं मानलं आणि आयुष्यात एकदा माइकवर खरं बोललो तर मागून शिट्ट्या.

मग मी सातही पाल्यांची नावं सांगितली. शेवगा, बेल, गुळवेल, आघाडा, तुळस, पेरू, फणस. एकेक नाव दोनदा, फलाट क्रमांक सांगायचो तसं. शिट्ट्या थांबल्या. एक म्हातारी तर रडायला लागली की गुण घालवलान रे. दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर कुणी आलं नाही. आरोग्य केंद्रावर रांग लागली, असं संचिता सांगून गेली. खऱ्याने जे झालं नाही ते शपथ मोडून झालं. हसायचं असेल तर हस, मला येत नाही.

गंगाराम घरी आला आहे. मी रोज जाऊन बसतो. डाव्या हाताने पेज खातो, सांडतो, माझ्याकडे बघतो. नर्मदा माझ्याशी बोलत नाही आणि ते बरोबर आहे. माझा आवाज ऐकून त्याने गोळ्या पाण्यात टाकल्या.

पण तुम्हा दोघींना एक सांगायचं आहे. कंपन्या लबाड आहेत असं मी म्हणत होतो, अजूनही म्हणतो. पण लबाड कंपनीसुद्धा आत काय आहे ते पाकिटावर छापते, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात का होईना. माझ्या पेल्यावर काहीच छापलेलं नव्हतं. मी तो डोळे मिटून प्यायलो, कारण तो घरचा होता. तुम्ही मला वाचवलंत हे मला समजतं. त्याने राग कमी होत नाही, वाढतो.

यशोदेशी मी बोलतो. काल तिने पाण्याचा तांब्या ठेवला तो घेतला. चहा मात्र अजून मीच करतो आणि तो अतिशय वाईट होतो.

माझ्या गोळ्या पाठव. नर्मदेच्या नाही, माझ्या पत्त्यावर, पाकिटासकट. आत काय आहे ते मी चष्मा लावून वाचेन आणि मगच घेईन. गंगारामच्या वेगळ्या पाठव, त्या मी नेऊन देत जाईन.

आणि लोभ म्हणशील, तर यापुढे जो पाठवशील तो वर नाव घालून पाठव. कशात कुटून नको.

गुरुदास