बारवेतले खडस

कोल्हार,
१७ जुलै १९७२

चि. राधाकृष्ण,

आशीर्वाद आहेतच; ते माझ्या मर्जीवर नाहीत. तुझ्या बढतीचं वहिनींनी कळवलं. माझे गुडघे बरे आहेत. पाऊस नाही. खुशाली संपली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला रागसुद्धा स्वच्छ अक्षरात लिहायला शिकवलं, त्यामुळे पुढचं वाचायला त्रास होणार नाही.

घाटाखालच्या डोहातले खडस मासे तू लहानपणी पाहिले आहेस. रुपयाएवढे खवले, हाताएवढी लांबी. देवीचे म्हणून कोणी धरत नाही. पहिलटकरीण माहेरी आली की आधी त्यांना भात घालते. वरचे डोह सुरुंग लावून लोकांनी संपवले. आमच्याकडे उरले तेवढे हेच.

गेल्या आठवड्यात तुझ्या धरणातून पाणी आलं. पुराचं पाणी समजून माद्या वरच्या उथळात चढल्या आणि गोट्यांत अंडी घालू लागल्या. दोन दिवसांत तू पाणी तोडलंस. अंडी उन्हात वाळली. कावळ्यांची चंगळ झाली. अर्धी अंडी पोटात घेऊन माद्या डबक्यांत अडकल्या.

देवळाची झाडलोट करणाऱ्या कडूबाईने बायका गोळा केल्या. घंगाळातून, ओल्या लुगड्यातून आम्ही त्यांना देवळाच्या बारवेत आणून सोडलं. पाणी ते पाणी, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही. पण बारवेचं पाणी वाहत नाही, आणि वाहत्या पाण्याशिवाय खडस अंडी टाकत नाही. भिंतीला तोंड लावून त्या धार शोधत फिरतात. दुसऱ्या दिवसापासून उलट्या होऊन वर येऊ लागल्या. आता तीन उरल्यात.

मला पूर नको. गुडघाभर पाणी सोड, आणि पाऊस लागेपर्यंत धार तुटू देऊ नकोस. आम्ही त्यांना परत नदीत नेऊ.

दुष्काळ आहे, पाणी पिण्यासाठी राखलंय, असं तू लिहिशील. मग ते दोन दिवसांचं पाणी कोण प्यायलं? खालच्या अंगाला तुझ्या सासऱ्यांचा ऊस मी एस.टी.तून पाहिला. अख्ख्या शिवारात तेवढाच हिरवा होता.

आज बारवेच्या पायरीवर कडूबाई म्हणाली, "बाई, तुमी शिकल्याल्या. त्या धरनावरच्या सायबाच्या वळखीचं कुनी हाय का? लई मुडदा हाय त्यो."

मी नाही म्हटलं.

१९ जुलै

पत्र पेटीत टाकलं नव्हतं. तुझ्या वडिलांचं, माझ्या दादाचं, नाव गावात निघेल, या विचाराने पाकीट दोनदा उशाखाली गेलं.

आज सकाळी शेवटची मादी गेली. घरोघर चुली थंड आहेत, तरी तिला कोणी खाल्लं नाही. घाटावर पुरताना कडूबाईने तिच्या पोटावरून हात फिरवला. पोट दगडासारखं घट्ट होतं. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की तो साहेब माझा भाचा आहे.

मला वाटलं, शिव्या घालतील. कडूबाईने हात धुतले आणि एवढंच विचारलं, "मंग परवाच का न्हाई बोल्ला?"

पाणी का तोडलंस याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर ते मला पाठवू नकोस. इथे येऊन तिला सांग.

पाणी सोडायचं तर सोड, गुरांना होईल.

तीस वर्षं शिकवलं म्हणून गावाने मला बाई म्हटलं. आज माझ्यामागून कोणीतरी निराळंच नाव घेतलं. तीच सही करते.

साहेबाची आत्या