पेठेतले घर साळुबाईस दिल्याबद्दल

मी जतनबाई, कै. माणिकचंद यांची पत्नी, वय अंदाजे त्रेसष्ट, राहणार जुन्नर, हे मृत्युपत्र भगवंत मास्तरांना सांगून लिहवून घेते. काकीचे डोके फिरले, असे पुतण्या प्रेमचंद पेठेत सांगत फिरतो. डोके ठिकाणावर आहे. चढला आहे तो संताप, आणि तो त्याच्यामुळेच.

कलम १. यजमानांमागे दुकान प्रेमचंदकडे गेले, ते त्याने सांभाळावे. राहते घर मात्र मी माहेरचे दागिने मोडून घेतले. त्यावर त्याचा काडीचाही हक्क नाही.

कलम २. हे घर, जात्यांसह व पोळपाट-लाटण्यांसह, साळुबाईस द्यावे.

साळुबाई मूळची आळे गावची. नवरा सयाजी याच्या मारहाणीला कंटाळून तिने तान्ह्या मुलीसह विहिरीत उडी टाकली. मुलगी गेली, ही वाचली. खुनाची शिक्षा झाली. येरवड्याला अकरा वर्षे काढून सुटली, तर सासर-माहेर दोन्हीकडे दार बंद. जुन्नरात दळण मागत फिरे, तेव्हा बायका आपली लेकरे आत ओढीत. मी पापड करून विकत असे, तिला जात्यावर बसवले.

पहिल्याच दिवशी तिने विचारले, "बाई, तुमाला माजं भ्या न्हाई वाटत?"

मी म्हटले, "उडीद बारीक दळ."

आमचे पापड खपू लागले. मग प्रेमचंदने भर पंगतीत उठून सांगितले, "हे त्या पोर मारणारीच्या हातचे आहेत." दुसऱ्या दिवशी बारा घरांनी पापड माझ्या उंबऱ्यावर आणून टाकले. त्या बारा घरांची नावे मला पाठ आहेत.

पुढे सयाजी आला. "हिला हाकला. माज्या दुसरीच्या पोराची सोयरीक मोडतीया." ज्याच्या लाथांनी ती विहिरीपर्यंत गेली, त्याला गाव चावडीवर मानाने बसवते! मी म्हटले, "तिने शिक्षा भोगली. तू एक दिवस तरी भोगलीस काय?" तो खाली मान घालून गेला. आत जाते थांबले नव्हते.

आम्ही पापड भीमाशंकरच्या जत्रेला आणि आंबेगावच्या बाजारात नेऊ लागलो. मोठ्या दुष्काळात लेकरांसाठी टोपलीभर बाजरी चोरून तुरुंगात गेलेली कुशाबाईही सुटून आमच्यात आली. प्रेमचंदच्या मुलीच्या लग्नात आंबेगावहून आणलेले पापड साऱ्यांनी मागून मागून खाल्ले. ते साळुबाईचे होते. कोणी मेले नाही.

कलम ३. साळुबाईमागे घर कुशाबाईने वापरावे. तुरुंगातून सुटून येईल त्या बाईस तेथे काम द्यावे. घर विकू नये.

कलम ४. त्या बारा घरांपैकी कोणास माझ्यामागे समाचारास यायचे असेल, त्याने आधी साळुबाईच्या हातचे पाणी प्यावे. ते जमत नसेल तर माझ्यासाठी रडू नये.

कलम ५. या कागदाच्या पहिल्या प्रतीत मास्तरांनी सवयीने 'साळुबाई, सुटलेली कैदी' असे लिहिले होते. वाचून दाखवताच ती म्हणाली, "मास्तर, सुटून नऊ वर्सं झाली. आजून किती येळा सुटू?"

मी तो कागद फाडायला लावला. आता सरकारदप्तरी लिहावे ते असे: साळुबाई, धंदा पापड करणे, राहणार जुन्नर, घर स्वतःचे.

वाचून दाखवलेले ऐकले, बरोबर आहे.

जतनबाई, सहीऐवजी निशाणी बांगडी
साक्ष: चांगदेव, राहणार आंबेगाव
साक्ष व हस्ताक्षर: भगवंत मास्तर
मुक्काम जुन्नर, तारीख १४ फेब्रुवारी १९०९