कथबर्टची टोपी

४ ऑक्टोबर १९५१, गुरुवार

लागला एकदाचा आमच्या गोदीत काढलेला तो सिनेमा! गोदीच्या फाटकासमोरच भलंमोठं चित्र चिकटवलंय. रिव्हेट ठोकणारा नायक म्हणे, आणि नखं बघावीत तर नवरदेवाची! मी वाढते त्या कँटीनमध्ये दिवसभर गड्यांना दुसरा विषय नाही. "माझी पाठ दिसते." "माझं कोपर दिसतं." दिसू दे.

६ ऑक्टोबर

नणंद आली होती. विनी म्हणते, "वहिनी, चल ना गं. गर्दीत कुठंतरी दादा दिसेल."

टोपी उडवताना ना? नको मला बघायला!

गेल्या वर्षी सप्टेंबरात जहाज पाण्यात सोडलं, तेव्हा सिनेमावाल्यांनी सगळ्यांना पढवलं — जहाज सरकलं की टोप्या उडवा, ओरडा. आनंद कसला, कर्माचा? जहाज पाण्यात गेलं की त्याच आठवड्यात निम्म्या माणसांना घरी बसवतात. म्हणून त्या दिवशी आमच्याकडे कुणी टोपीला हात लावत नाही. आजोबांनी लावला नाही, बाबांनी लावला नाही. माझ्या नवऱ्यानं, कथबर्टनंही मला शब्द दिला होता.

आणि संध्याकाळी आला, तर टोपी चिखलानं बरबटलेली! "मी नाही गं उडवली. लॅन्सनं हिसकावून फेकली." शाळकरी पोरांची सबब! त्याच्या जोडीला काम करणारा तो लॅन्स, त्याच आठवड्यात काम सुटलं तसा थेट कॅनडात गेला. विचारणार कुणाला? सिनेमावाल्यांच्या एका फुकट जेवणासाठी लाज विकलीस, म्हणाले त्याला. दोन महिने धड बोलले नाही.

नोव्हेंबरात तो परांचीवरून पडला. गेलाच.

टोपी खुंटीला आहे. धुतलेली नाही.

७ ऑक्टोबर

विनी पुन्हा आली. चिकट बाई!

१० ऑक्टोबर

गेले शेवटी. तिची कटकट थांबावी म्हणून.

काय तो सिनेमा! मालकाची मुलगी उंच टाचांचे बूट घालून परांची चढते! चहूकडे हातोडे चाललेत आणि ही दोघं एकमेकांच्या कानात कुजबुजतात. आमची माणसं तिशीतच बहिरी होतात. कथबर्टला जेवायला हाक मारली की शेजारची तिघं दारात यायची. पण थिएटरात बायकांचे रुमाल ओले! शेवटी जहाज सुटतं, दोघं मुके घेतात, मागे टोप्याच टोप्या.

डाव्या कोपऱ्यात कथबर्ट.

दोन्ही हात खिशात. टोपी डोक्यावर. मागून लॅन्स आला दात काढत, टोपी ओढली, दिली भिरकावून. कथबर्ट तिच्यामागे चिखलात धावला. एवढंच. मग पुन्हा त्या दोघांचे चेहरे.

"वहिनी, दादा!" विनी म्हणाली. खरं बोलत होता तो. आणि मी त्याला तसंच जाऊ दिलं.

११ ऑक्टोबर

पुन्हा गेले, एकटीच. सिनेमा तितकाच भिकार.

१३ ऑक्टोबर

इथला शेवटचा खेळ पाहिला. सोमवारपासून तो पलीकडच्या गावी, साउथ शील्ड्सला लागतोय. बस सहाला आहे, विचारून आले.